लेकराच्या कपाळावर रक्ताचा घाम दिसला तर: पहिल्या बोळ्यापासून दवाखान्याच्या फायलीपर्यंत

कपाळावर घामासारखे लाल थेंब येतात. पुसले की खाली कातडी साफ, ना जखम ना ओरखडा. दोन मिनिटांनी तिथंच पुन्हा थेंब. मराठवाड्यातल्या घरात अशा वेळी बहुतेक दोनपैकी एक होतं. आजी लिंबू-मिरची उतरवायला उठते, नाही तर कोणीतरी 'नाटकं करती' म्हणून लेकराच्या पाठीत धपाटा घालतं. दोन्हींत लेकराचं नुकसान आहेच, शिवाय पुरावा हातचा जातो. झटका बहुधा दहा-पंधरा मिनिटांत आपोआप थांबतो. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत चेहरा धुतलेला असतो आणि डॉक्टरांसमोर एक ठणठणीत लेकरू बसलेलं असतं. म्हणून घरच्यांनी आणि आशाताईंनी पहिल्या पंधरा मिनिटांत काय केलं, यावर पुढचं निदान बरंचसं ठरतं.

या आजाराला हिमॅटोहायड्रोसिस म्हणतात. ग्रीक भाषेत हायमा म्हणजे रक्त आणि हिड्रोस म्हणजे घाम. जखम नसलेल्या कातडीतून रक्त झिरपतं, तेही बहुधा कपाळ, गाल, टाळू, कान, डोळे, नाक, बेंबी किंवा तळहातावर. नोंदवलेल्या रुग्णांत शाळकरी वयाच्या आणि तरुण मुली जास्त दिसतात, आणि त्यात भारतातल्या नोंदी बऱ्याच आहेत. १९९६ मध्ये होलोबेक दांपत्याने जुन्या-नव्या ७६ नोंदी एकत्र तपासल्या. त्यात सर्वांत जास्त वेळा दिसलेली कारणं दोन होती, एकाएकी बसलेली मोठी भीती आणि मनात सतत घोळत राहिलेला तीव्र विचार. २०१७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात इटलीतल्या २१ वर्षांच्या तरुणीची हकिगत आली. तिच्या तळहातांतून आणि चेहऱ्यातून तीन वर्षं रक्त येत होतं. प्रोप्रॅनोलॉल या हृदयाची धडधड कमी करणाऱ्या औषधाने ते बरंच कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही.

रक्त कसं येतं? एक मत असं की घामाच्या ग्रंथीभोवतीच्या बारीक केशवाहिन्या ताणाच्या वेळी आवळतात, मग एकदम सैल होऊन फुटतात आणि रक्त घामाच्या नळीतून वर येतं. दुसरं मत कातडीच्या आतल्या आधाराच्या जाळीत दोष असल्याचं. तिथं रक्ताच्या पोकळ्या भरतात आणि केसांच्या मुळांवाटे रिकाम्या होतात. कातडीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर घामाच्या ग्रंथी पुष्कळदा अगदी नीट दिसतात. त्यात घामाच्या ग्रंथी नसलेल्या जागीही रक्त येतं, तेव्हा 'रक्ताचा घाम' हे नावच थोडं फसवं आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की धरा. हे निदान यादीत सगळ्यांत शेवटी येतं. लाल घाम घेऊन येणाऱ्यांत दुसरंच काही निघण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि त्यातलं काही जिवावरचं असतं.

आधी घाईचं ओळखा

पुढचं काही दिसलं तर व्हिडिओ-बिडिओ बाजूला ठेवा आणि थेट १०८ ला फोन लावा: ताप, अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, शौच डांबरासारखं काळं, जोराची डोकेदुखी आणि उलटी, गुंगी. ठिपक्यांवर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून बघा. दाबल्यावर डाग पुसट झाला तर ती पुरळ किंवा घामोळं असू शकतं. लाल तसाच राहिला तर कातडीखाली रक्त साचलंय. पावसाळ्यानंतर ताप आणि असे ठिपके म्हटलं की पहिली शंका डेंग्यूची.

कापसाच्या वावरातून किंवा उसाच्या फडातून आलेल्या माणसाला रक्त येत असेल तर पायाचे घोटे, पोटऱ्या आणि हाताची बोटं बघा. घोणस आणि फुरसं चावलं की रक्त गोठायची ताकदच जाते आणि चाव्याची खूण कधी ठळक दिसतही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात यासाठी वीस मिनिटांची साधी चाचणी आहे. शिरेतलं २ मिली रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकं करून बघायचं. रक्त वाहिलं म्हणजे ते गोठत नाही. इथं दोन चुका नेहमी होतात. प्लास्टिकची नळी वापरली तर रक्त उगाच उशिरा गोठतं. साबणाने धुतलेली काचेची नळीही तसाच चकवा देते.

घरात उंदराचं औषध आणलेलं आहे का, हेही विचारा. त्यातल्या काही प्रकारांनी व्हिटॅमिन केचं काम बंद पडतं आणि रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो, तोवर घरचे ते विसरलेले असतात. आजोबांच्या हृदयाच्या गोळ्या लेकराने खाल्ल्या नाहीत ना, तेही पाहा.

उन्हाळ्यात घोळणा फुटतो तो मात्र वेगळा. नाकातून रक्त आलं, ते हाताने कपाळाला-गालाला लागलं आणि घामात पसरलं की लांबून रक्ताचा घामच वाटतो. नाकातलं रक्त अश्रूंच्या नळीतून उलटं वर चढून डोळ्यातही दिसतं. म्हणून डोळ्यांत रक्त दिसलं की आधी नाकात टॉर्च मारा.

झटका चालू असताना

लेकराला सावलीत, भिंतीला टेकवून बसवा, मान किंचित पुढे. आडवं करू नका, नाकातलं रक्त घशात उतरून उलटी होते. नाकातून येत असेल तर नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग १० मिनिटं दाबा, मध्ये सोडून बघायचं नाही. कांदा फोडून नाकाशी धरल्याने काही बिघडत नाही, फक्त तो धरण्यात दाबायची दहा मिनिटं निघून जातात.

गर्दी बाहेर काढा. ओसरीत पंचवीस माणसं, त्यातली दहा मोबाइल धरून उभी, मधे लेकरू: भीतीने वाढणाऱ्या आजारात याहून वाईट काय? दोनच माणसं जवळ ठेवा. एकाने पुसायचं, दुसऱ्याने चित्रण करायचं.

पुसायला मेडिकलवरची १०० मिलीची नॉर्मल सलाईनची बाटली आणि पांढरा कापूस घ्या. स्पिरिट, डेटॉल नको. पुसणाऱ्याने हातमोजे घालावेत, ते नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हाताला चढवावी. डोळा आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसा. कानात तेल किंवा बोळा घालू नका, बाहेर आलं तेवढंच टिपा.

चित्रण असं करा:

१. उजेड दिवसाचा किंवा ट्यूबलाइटचा. मोबाइलचा फ्लॅश नको, ओल्या कातडीवर तो चमकतो आणि थेंब दिसत नाहीत.

२. सुरुवातीला भिंतीवरच्या घड्याळावर कॅमेरा न्या, मग चेहऱ्यावर. मध्ये बंद करू नका. तुकड्यातुकड्यांचा व्हिडिओ बघून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

३. लेकराचे दोन्ही हात पूर्ण वेळ चौकटीत हवेत, मांडीवर ठेवलेले, तळवे वर.

४. एक जागा निवडा, समजा उजव्या भुवईच्या वर. ती सलाईनच्या बोळ्याने पुसा आणि कॅमेरा हातभर अंतरावर आणून तिथंच धरा. कातडी कोरडी दिसते, मग टाचणीएवढा लाल ठिपका उगवतो, फुगतो, थेंब होऊन भुवईत उतरतो. हाताचा स्पर्श न होता उगवलेला तो एक थेंब अख्ख्या व्हिडिओत मोलाचा.

५. थांबेपर्यंत चालू ठेवा, शेवटी परत घड्याळ दाखवा.

हा व्हिडिओ दवाखान्याव्यतिरिक्त कुणालाही पाठवायचा नाही. मामाच्या व्हॉट्सॲपवर गेलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी तालुकाभर असतो.

रक्त टिपलेले कोरडे बोळे लगेच झिपच्या पिशवीत टाका, सलाईनचे बोळे वेगळे ठेवा. साधारण किती रक्त गेलं ते यावरून मोजता येतं. कोरड्या पिशवीचं आणि कोऱ्या कापसाचं वजन सोनाराच्या काट्यावर आधीच करून ठेवा, नंतर भरलेल्या पिशवीचं करा. एक ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण एक मिली. सलाईनमध्ये भिजवलेला बोळा या पिशवीत पडला की मोजमाप गेलं. पिशवी उघडी राहिली तर ओल उडते आणि आकडा कमी भरतो. घरचे 'वाटीभर रक्त गेलं' म्हणतात तिथं काटा पुष्कळदा दोन-चार ग्रॅमच दाखवतो. तो आकडा ऐकून आईचा जीव भांड्यात पडतो.

रक्ताचे कपडे गार पाण्यात भिजवा. गरम पाण्यात रक्त धाग्यात पक्कं बसतं.

लाल आहे, पण रक्तच का?

घरच्या घरी चाळण लावता येते. रक्त कापसावर सुकलं की तासा-दोन तासांत तपकिरी-काळपट होतं. रंग, गुलाल किंवा कपड्याचा सुटलेला रंग लालचा लालच राहतो. हळदीपासून केलेलं कुंकू असेल तर डागावर लिंबू पिळा, पिवळा होतो. हे उलटंही चालतं. हळद लावलेल्या कातडीवर साबण किंवा चुना लागला की ती जागा लाल होते. हळदीच्या कार्यक्रमानंतर नवरीच्या मानेवर उमटलेला 'रक्ताचा डाग' याच जातीचा, आणि भानामतीच्या नावाखाली पाण्याचं रक्त करून दाखवणाऱ्यांचं भांडवलही बऱ्याचदा हळद आणि चुना एवढंच असतं. रक्ताच्या बोळ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले तर फसफसून फेस येतो, कुंकवावर येत नाही. ही परीक्षा बोळ्यावरच करा, चेहऱ्यावर नाही. फेस आला म्हणून माणसाचंच रक्त आहे असंही ठरत नाही.

औषधं विचारा. क्षयरोगाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनने घाम, अश्रू आणि लघवी नारिंगी-लाल होतात. कुष्ठरोगाच्या उपचारातल्या क्लोफाझिमिनने कातडी लालसर-काळपट होते आणि घामालाही रंग येतो. दोन्ही औषधं सरकारी दवाखान्यातून मिळतात आणि दोन्ही आजार घरात लपवले जातात. म्हणून सासूसमोर विचारू नका. लघवीचा रंग विचारला की उत्तर आपोआप मिळतं.

बनियनच्या काखेत गुलाबी डाग पडत असतील, पण थेंब पडताना कोणीच पाहिला नसेल, तर ते कातडीवरच्या रंग सोडणाऱ्या जिवाणूंचं काम असू शकतं. काही माणसांच्या घामाच्या ग्रंथींतूनच पिवळा, निळा, काळा घाम येतो. तो वेगळा विकार आहे आणि त्यात रक्ताची पेशी एकही नसते.

काच

हा भाग प्रयोगशाळेतल्या माणसासाठी आहे, पण आशाताईंनीही वाचावा, कारण सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघायची काच त्यांच्या पिशवीत राहू शकते. मलेरियासाठी रक्ताची काच कशी घ्यायची ते त्यांना ठाऊकच आहे.

कातडी सलाईनने पुसून नवा थेंब येऊ द्या. काचेची कड त्या थेंबाला लावा आणि दुसऱ्या काचेने पसरा. घाई करा. घाम रक्तापेक्षा पातळ असतो, त्यात पेशी पडून राहिल्या की पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. साध्या पाण्याने पुसलेल्या ओल्या कातडीवरून काच घेतली तरी हेच होतं आणि अहवाल येतो 'पेशी दिसल्या नाहीत'. त्या एका ओळीवर लेकरू खोटं ठरतं. काचेच्या घासलेल्या टोकावर नाव, तारीख, वेळ आणि जागा शिसपेन्सिलीने लिहा, पेनची शाई रंगद्रव्यातल्या मिथेनॉलने धुऊन निघते. त्याच वेळी बोट टोचून दुसरी काच घ्या. ही तुलनेची. दोन्हींवर एकाच वेळी लिशमन हे पेशी रंगवायचं द्रावण टाका, दोनेक मिनिटांनी त्याच्या दुप्पट बफरचं पाणी मिसळा, आणखी आठ-दहा मिनिटं ठेवून धुवा.

खऱ्या झटक्यात दोन्ही काचांवर तेच दिसतं: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. माणसाची तांबडी पेशी गोल, साधारण ७ मायक्रॉनची, आत केंद्रक नाही. पेशी लांबट-अंडाकृती आणि प्रत्येकीत केंद्रक दिसलं तर ते कोंबडीचं रक्त. गोल पण फारच बारीक, माणसाच्या निम्म्याच्या आसपास, तर बोकडाचं. बोटाची काच शेजारी असली की हा फरक शिकाऊ डोळ्यालाही दिसतो.

शिरेतलं रक्त

गावाकडच्या लॅबमध्ये 'बीटी-सीटी' (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) करून 'नॉर्मल' असा कागद देतात. तो कागद जवळ ठेवा, पण त्यावर विसंबू नका. रक्त गोठण्याचे सौम्य दोष त्यात सटकतात. खरी सुरुवात तीन तपासण्यांपासून: जांभळ्या झाकणाच्या नळीत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि निळ्या झाकणाच्या नळीत पीटी आणि एपीटीटी, या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन चाचण्या.

निळ्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण असतं, त्याच्या नऊपट रक्त हवं. म्हणजे खुणेपर्यंत भरायलाच हवं. लेकरू रडतंय म्हणून अर्ध्यावर सोडलं तर सायट्रेट जास्त पडतं आणि गोठायला वेळ लागल्याचा खोटा अहवाल येतो. नळी हलक्या हाताने चार-पाच वेळा उलटीसुलटी करा, झटकू नका. एपीटीटीसाठी चार तासांच्या आत लॅबला पोचवा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. धारूर-किल्लारीकडून जिल्ह्याच्या ठिकाणी नमुना एसटीने पाठवण्यापेक्षा लेकरालाच नेऊन तिथं रक्त काढलेलं बरं.

सीबीसीत प्लेटलेट एकदम कमी आल्या आणि लेकरू मात्र ठीक आहे, तर काच बघायला सांगा. जांभळ्या नळीत काहींच्या प्लेटलेटचे गुच्छ होतात आणि मशीन ते मोजत नाही. एरवी दीड ते साडेचार लाख हा आकडा ठीक.

हे सगळं नॉर्मल आलं तरी काही आजार उरतातच. फॅक्टर तेरा या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या कमतरतेत पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येतात, त्यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते. विचारायचा प्रश्न: बाळपणी नाळ पडताना बेंबीतून खूप दिवस रक्त आलं होतं का? ग्लांझमन आजारात प्लेटलेटची संख्या पुरेशी असते, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. हे दोन्ही आजार आई-वडील दोघांकडून येतात, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी, काही घरांत सख्ख्या मामाशीही लग्नं होतात. त्यामुळे नात्यात लग्न आहे का, हे फायलीच्या पहिल्या पानावर लिहा. व्हॉन विलेब्रँड आजारात त्याच नावाचं रक्त थांबवणारं प्रथिन कमी पडतं. त्याची तपासणी तर ताणाच्या काळात चुकीची नॉर्मल येऊ शकते, कारण घाबरलेल्या माणसात त्या प्रथिनाची पातळी वाढते. शंका उरली तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी. मुलीला पहिल्या पाळीपासून सात दिवसांहून जास्त जातं का, दर तास-दोन तासांनी कपडा किंवा पॅड बदलावं लागतं का, दात काढल्यावर रक्त थांबेना असं झालं का, हे आईला नाही, मुलीला विचारा.

प्लेटलेटच्या कामाची तपासणी ठरली असेल तर आधीचे दहा दिवस ॲस्पिरिन अजिबात नको. निदान होईपर्यंत आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही टाळा. झटक्याआधी डोकं दुखतं, मग घरचे दुखण्याचं इंजेक्शन मारून आणतात, ते बहुधा डायक्लोफेनॅकच असतं. डोकेदुखीला पॅरासिटामॉल पुरतं, एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही.

या तपासण्या एका छताखाली व्हाव्यात म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा: छत्रपती संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण, लातूरला विलासराव देशमुख संस्था. आधी बालरोग विभाग, तिथून त्वचारोग, पॅथॉलॉजी आणि मानसोपचार. मानसोपचाराची चिठ्ठी मिळाली की बरेच पालक तिथूनच परत फिरतात. ती चिठ्ठी 'पोरगी वेडी आहे' असं सांगत नाही, ती उपचारातला एक विभाग आहे.

पट्टीची परीक्षा

हातावर किंवा छातीवर रक्त येत असेल आणि ते आपोआप येतं की आणलं जातं हे ठरत नसेल, तर ती जागा स्वच्छ करून वर गॉज आणि पारदर्शक चिकटपट्टी लावतात. पट्टीच्या कडेवरून कातडीपर्यंत पेनने तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा मारायच्या. पट्टी उचलून पुन्हा लावली तर रेघा जुळत नाहीत. २४ तासांनी पट्टीखाली रक्त असेल आणि रेघा जागेवर असतील, तर झटका खरा मानायला मोठा आधार मिळाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घामाने पट्टी स्वतःच सुटते, तेव्हा एकट्या सुटलेल्या पट्टीवरून संशय घेऊ नका. वॉर्डात पंख्याखाली पुन्हा लावा.

आणि समजा रक्त लेकरानेच आणलं असं निघालं, तर? सुईने टोचून घेतलं, दाताने गालाच्या आतली कातडी चावून लावलं. ही माहिती वडिलांना वॉर्डात सगळ्यांसमोर सांगायची नसते. स्वतःला टोचून घेणारं लेकरू खोटारडं म्हणून सोडून देण्याजोगं नाही, त्याचा आजार फक्त दुसऱ्या नावाचा आहे. कधी हे लेकरू करत नाही, त्याच्याजवळचं मोठं माणूस करतं. म्हणून दोन दिवस नातेवाईक बदलून बघतात, आईऐवजी मावशी थांबली की झटके येतात का.

लेकराशी बोलणं

'तुला कसलं टेन्शन आहे?' याचं उत्तर मराठवाड्यातलं प्रत्येक लेकरू 'काही नाही' असंच देतं. त्याऐवजी म्हणा, "काल सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलंस, सांग बरं." मग ऐका. पाणी कुणी भरलं, शाळेत कोण शेजारी बसलं, घरी आल्यावर कोण होतं. सांगताना ज्या जागी लेकरू पटकन पुढे सरकतं, तिथं परत या. ऊसतोडीला आई-बाप दिवाळीच्या सुमारास जातात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडी परततात. झटके त्याच महिन्यांत असतील तर वहीतल्या तारखा ते सांगतील. घरात लग्नाची बोलणी चालली आहेत का? वय अठराच्या आत असेल तर हा प्रश्न वैद्यकीय आहे तसाच कायद्याचाही आहे. मारहाण किंवा कुणी अंगचटीला येत असल्याचं कळलं तर मुलांसाठीच्या मदतीच्या १०९८ क्रमांकावर फोन करा. मनाच्या त्रासावर बोलण्यासाठी टेलीमानस १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

घरचे देवस्थानाला जायचं म्हणत असतील तर भांडू नका. अंगारा लावून येऊ द्या, फक्त तपासणीची तारीख चुकू देऊ नका. पण साखळीने बांधणं, मारून भूत उतरवणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. अशा जागी लेकरू नेलं जात असेल तर पोलीस ठाण्यात सांगायचं.

औषधं

रक्त गोठण्यात दोष नसेल तर व्हिटॅमिन केची किंवा रक्त थांबवायची इंजेक्शनं देऊन हाती काही लागत नाही. झटका थांबायचाच असतो, श्रेय इंजेक्शनला जातं आणि पुढच्या वेळी घरचे पुन्हा तेच मागतात.

बऱ्याच रुग्णांत उपयोगी पडल्याचं नोंदलेलं औषध म्हणजे प्रोप्रॅनोलॉल. त्यावर मोठा अभ्यास झालेला नाही, सगळा आधार एकेका रुग्णाच्या हकिगतींचा आहे, हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगावं. सुरू करण्यापूर्वी दमा आहे का ते नक्की विचारावं. दम्यात हे औषध धोक्याचं आहे, आणि लहानपणी 'बाळदमा' होता हे आई दुसऱ्यांदा विचारल्यावरच सांगते. नाडी आणि रक्तदाब लिहून कमी मात्रेपासून चढत जावं. गोळी उपाशीपोटी नको, रक्तातली साखर उतरू शकते आणि या औषधाने त्याची धडधड-थरथर ही खूणही झाकली जाते. श्रावणातल्या आणि नवरात्रातल्या उपासांचं म्हणूनच आधी ठरवून घ्या. बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करायचं नाही, एक-दोन आठवड्यांत उतरवत न्यायचं. सोबत समुपदेशन, आणि मानसोपचारतज्ज्ञांना गरज वाटली तर चिंतेवरची औषधं. चिंता कमी झाली की झटक्यांतलं अंतर वाढतं, असा बऱ्याच नोंदींचा अनुभव आहे.

हिमोग्लोबिन महिन्याला एकदा बघा. बारा वर्षांच्या पुढच्या मुलीत १२ च्या खाली गेलं तर लोह लागेल. गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. लोहाने शौच काळं होतं, ते पाहून घाबरू नका. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर मात्र दवाखाना.

वही आणि शाळा

शंभर पानी वहीत रकाने आखा: तारीख, वेळ, जागा, किती मिनिटं, बोळ्यांचं वजन, आधी डोकं-पोट दुखलं का, मुंग्या आल्या का, पाळीचा दिवस, झोप किती, त्या दिवशी काय घडलं, कोणी पाहिलं. 'काय घडलं' हा रकाना लेकरानेच भरायचा, न वाचण्याच्या बोलीवर. ज्या दिवशी झटका आला नाही तो दिवसही लिहा. नुसत्या वाईट दिवसांच्या वहीतून परीक्षेचा किंवा बापाच्या घरी येण्याचा संबंध सापडत नाही, कारण तुलनेला चांगले दिवसच नसतात.

शाळेत वर्गशिक्षकांना चार ओळींची चिठ्ठी पुरते: हा आजार संसर्गजन्य नाही, झटका पंधरा मिनिटांत थांबतो, मुलीला कार्यालयात बसवून सलाईन-कापूस द्यावा, थांबल्यावर अर्ध्या तासाने वर्गात पाठवावं, घरी पाठवू नये. खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का घ्या. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात कापूस, सलाईनची बाटली, दोन झिपच्या पिशव्या आणि गडद रंगाची ओढणी राहू द्या. पांढऱ्या गणवेशावर एक थेंबही फार मोठा दिसतो, ओढणी घेतली की मुलगी बाकावरून कार्यालयापर्यंत मान वर करून जाऊ शकते.